बाबांचं एक्क्याऐंशीव्या वर्षीचं उड्डाण

माझ्या वडिलांनी जमिनीवर राहणं मनापासून कधीच मान्य केलेलं नाही. वायुदलातून वैमानिक म्हणून निवृत्त होऊन त्यांना तीस वर्षं झाली, नाशकात गंगापूर रोडला आमचं घर आहे, त्याची घरपट्टी ते वेळेवर भरतात. परंतु हा सगळा मुक्काम त्यांच्या लेखी हवामान सुधारेपर्यंतचा आहे. रोज सकाळी सहाला ते गच्चीवर जातात आणि बांबूला बांधलेल्या एका जुन्या पायजम्याच्या पायावरून वाऱ्याची दिशा ठरवतात. या पायजम्याला आमच्या भागात मान आहे. दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार फवारणीच्या दिवशी त्यांना फोन करतात, "काका, वारं कसं हाय आज?" आणि बाबा, "पश्चिम-वायव्य, मंद, दहानंतर वाढेल," एवढंच सांगून फोन ठेवतात. एकदा हा अंदाज साफ चुकला. बागायतदार काही बोलले नाहीत. बाबांनी मात्र त्या दिवशीच्या वाऱ्याबद्दल तीव्र नापसंती व्यक्त केली.

वाहन कोणतंही असो, त्यात बसण्यापूर्वी ते त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारतात. टायर बुटाने दाबून पाहतात, खाली वाकून कुठे तेल गळतंय का ते पाहतात, आणि समाधान झालं तरच पाय आत ठेवतात. एकदा एक रिक्षावाला ही तपासणी शांतपणे बघत होता. अखेर त्याने विचारलं, "काका, उडवायची नाहीये, शालिमारला न्यायचीये. बसता ना?" बाबांनी त्याला डाव्या चाकातली हवा कमी असल्याचं सांगितलं, आणि ती खरोखरच कमी होती. माझ्या लग्नात फुलांनी सजवलेल्या गाडीभोवती त्यांनी अशीच फेरी घातली तेव्हा वधूकडच्या मंडळींना ती आमच्या घराण्याची प्रथा वाटली. त्यांच्यातले दोन ज्येष्ठ गृहस्थ हात जोडून बाबांच्या मागोमाग फिरले.

परंतु त्यांची सर्वांत मोठी सवय माझ्यामुळे लागली, आणि ती सांगायची तर मला माझ्याबद्दल थोडं बोलणं भाग आहे. एकोणिसाव्या वर्षी मी वायुदलाच्या निवडीसाठी गेलो होतो. लेखी परीक्षा, मुलाखत सगळं पार पडलं. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांची चित्रं समोर धरली. त्या ठिपक्यांमध्ये आकडे लपलेले असतात आणि ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्यांना ते दिसत नाहीत. मला प्रत्येक आकडा स्वच्छ दिसत होता. मी प्रत्येक वेळी म्हणालो, "काही दिसत नाही, सर." मला विमानाची भीती वाटत होती, आणि विमानाला भिणारा मुलगा आपल्या घरात जन्मला हे बाबांना सांगण्याची त्याहून जास्त. रंगांधळेपणात कोणाचा दोष नसतो, असं मला वाटलं होतं. एकोणीस वर्षांच्या मुलाला एवढीच अक्कल असते.

दोष कोणाचा हे बाबांनी ग्रंथालयात जाऊन आठवड्यात शोधून काढलं. हा प्रकार आईच्या माहेरकडून येतो, असं पुस्तकात होतं. ते आईला एका शब्दानेही बोलले नाहीत. उलट तिच्याशी अधिकच हळुवारपणे वागू लागले, आणि त्यामुळेच दोष आपलाच, अशी तिची खात्री पटली. संशय गेला तो मनमाडच्या मामावर. मामा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होता आणि त्याचे डोळे दर काही वर्षांनी तपासले जात. बाबांचं म्हणणं असं की, तो सिग्नल रंगावरून ओळखतच नसणार, दिव्यांच्या जागा पाठ असणार. मामा निवृत्त होईपर्यंत तो ज्या गाडीवर असेल त्या गाडीने ते गेले नाहीत. मामाने एकदा हसत विचारलं, "दाजी, माझ्या गाडीचं एवढं वावडं का?" बाबा म्हणाले, "वेळ जमत नाही."

माझ्या वाट्याला मात्र त्यांचं निखळ वात्सल्य आलं. पस्तीस वर्षं ते माझ्या शेजारच्या सीटवर बसून सिग्नलचे रंग सांगत आले आहेत. "लाल. थांब." "हिरवा झाला, निघ." माझे शर्ट तेच आणतात, आणि ते सगळे पांढरे असतात, कारण पांढऱ्यात चूक होण्याला वाव नाही. सातपूरला माझा विजेचे पॅनेल बनवण्याचा छोटा कारखाना आहे. तो सुरू झाला त्याच महिन्यात बाबांनी माझ्या फोरमनला बाहेर टपरीवर नेऊन चहा पाजला आणि विश्वासात घेतलं. मला हे पुष्कळ वर्षांनी कळलं. माझं काम झालं की फोरमन प्रत्येक वायर पुन्हा तपासतो, हे पाहून मी एकदा कारण विचारलं. "काय नाय साहेब," तो खाली बघत म्हणाला, "बाबांनी सांगून ठेवलंय. आपण कुठं बोललो नाय कोणाला." या दुहेरी तपासणीमुळे आमचं एकही पॅनेल आजवर परत आलेलं नाही. माझा व्यवसाय माझ्या खोटेपणावर उभा आहे, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

पत्नीला खरं माहीत आहे. "अहो, सांगून टाका ना एकदाचं," ती म्हणते. "मला तुम्हाला एक निळा शर्ट घ्यायचाय हो." मी दरवर्षी ठरवत असे. चार वर्षांपूर्वी आई गेली. तिच्या शेवटच्या आजारपणात ती एकदा माझा हात धरून म्हणाली, "माझ्याकडून आलं रे ते तुला." तेव्हाही मी "असं काही नसतं" यापलीकडे गेलो नाही.

बाबांना गेल्या वर्षी एक्क्याऐंशी लागलं. घरात सहस्रचंद्रदर्शनाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी तो उडवून लावला. "हजार पूर्णचंद्र खालून बघणाऱ्यांसाठी असतात ते सोहळे. मी बरेचसे वरून पाहिलेत." म्हणून मी मनाशी ठरवलं की त्यांना एकदा विमानात बसवून आणायचं, आणि तिथे, परतीची वाट नसलेल्या जागी, खरं सांगायचं. गाडीने दोन-अडीच तासांवर एक विमानचालन शाळा आहे. तिथे खेटे घातले, अर्ज केले, बाबांचं हृदय ठीक असल्याचा दाखला दिला. डोळ्यांचा दाखला कोणी मागितला नाही, कारण ते फक्त बसणार होते. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तू मागे बसणार असशील तर येतो."

एप्रिलची सकाळ होती. वाटेत एका चौकात मी लाल दिव्याला थांबलो. दिवा हिरवा झाला. बाबा समोर बघत बसून होते. अलीकडे त्यांचा "हिरवा" जरा उशिरा येतो, आणि तो आल्याशिवाय मी निघत नाही. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गजर सुरू केल्यावर ते म्हणाले, "हिरवा झाला, निघ." मी निघालो. या उशिराचा अर्थ मी तेव्हाही लावला नाही.

विमान चार आसनांचं, पांढरंशुभ्र. आमची वैमानिक जेमतेम तिशीची मुलगी होती. तिने बाबांना सॅल्यूट केला. बाबांनी विमानाभोवती फेरी मारली. माझ्यासमोर प्रथमच ती फेरी योग्य वस्तूभोवती चालली आहे, असं मला वाटलं. ती मुलगी त्यांच्यामागून अदबीने चालत होती.

"काही राहिलं का, सर?"

"नाही. नीट ठेवलंय. आमच्या वेळी एवढं स्वच्छ नसायचं."

आम्ही वर गेलो. ते पुढे तिच्या शेजारी, मी मागे, तिघांच्या कानांवर हेडफोन, त्यामुळे एकाचं बोलणं तिघांनाही ऐकू येणारं. थोड्या उंचीवर गेल्यावर तिने विचारलं, "सर, माझे हातही असतील, पण जरा कंट्रोल धरता?" एवढ्याचसाठी मी चार महिने धडपडलो होतो. बाबांनी एक हात कंट्रोलवर ठेवला, आणि समोर न बघता मान डावीकडे वळवली.

"हे बघ," ते मला म्हणाले. "खाली धरण आहे. पाणी निळं आहे, काठाशी हिरवट. पलीकडे चौकोन दिसतायत ना, त्या द्राक्षबागा. हिरव्यागार. तुला ते एकसारखंच दिसत असेल, पण पाणी आणि बागा वेगळ्या आहेत. फार सुंदर आहे." बहुधा अखेरच्या उड्डाणाची त्यांची मिनिटं ते माझ्यावर खर्च करत होते.

मी खाली पाहिलं. द्राक्षांचा हंगाम संपला होता, छाटणी झाली होती. बागा उघड्या, मातकट, नुसत्या काड्यांच्या. धरण आटलेलं, मधोमध पाण्याची एक करडी पट्टी. हिरवं काहीही नव्हतं. बाबांना दिसत नव्हतं. ते मला पाठ असलेले रंग सांगत होते. दृष्टीबद्दल खोटं बोलणारा आमच्या घरात मी एकटाच नव्हतो.

"बाबा, बागा हिरव्या नाहीत."

"तुला कळायचं नाही ते."

"कळतं. मला सगळे रंग दिसतात. पहिल्यापासून. त्या तपासणीत मी खोटं बोललो."

वैमानिक मुलीने समोरच्या एका काट्याकडे एवढ्या एकाग्रतेने पाहायला सुरुवात केली की तो बिघडला असावा असं वाटावं.

"का?" बाबांनी विचारलं.

"विमानाची भीती वाटायची."

"आत्ता वाटतेय?"

"हो."

बाबांनी कंट्रोलवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "वर्ष झालं," ते म्हणाले, "नजरेच्या मधोमध डाग आहे. कडेकडेचं दिसतं." आणि थोड्या वेळाने, वाऱ्याचा अंदाज विचारावा तशा आवाजात, "सांग बघू. काय काय आहे खाली?"

मी सांगू लागलो. माती तांबूस आहे. एका शेतात कांदा पसरलाय, गुलाबीसर. एका घराचं छप्पर निळं आहे, नवीन असावं. रस्त्याने पिवळी बस चाललीय. ते डोळे मिटून ऐकत होते. मध्येच "कांदा आहे होय?" एवढं म्हणाले. मला भीतीने घाम फुटला होता, पण मी थांबलो नाही. उतरेपर्यंत थांबलो नाही.

खाली त्यांनी मुलीचे आभार मानले. "लँडिंग उत्तम," ते म्हणाले. "मला दिसलं नाही, पण बसल्या जागी कळतं."

परतताना तासभर मी त्यांच्या रागावण्याची वाट पाहत होतो. त्याची तयारी मी पस्तीस वर्षं केली होती.

"मला नसतं सांगितलंस तरी चाललं असतं," ते अखेर म्हणाले. "तुझ्या आईला सांगायला हवं होतंस."

मी "हो" म्हणालो. मग मला पुढचा रस्ता नीट दिसेना, म्हणून गाडी एका कडुनिंबाखाली घेऊन उभी केली. बाबांनी का थांबलास असं विचारलं नाही. पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली, काच खाली केली, आणि मी पाणी पिऊन होईपर्यंत बाहेर बघत बसले. त्यांना तिथलं किती दिसत होतं, कोण जाणे.