सेक्रेटरींची वही

सेक्रेटरी आमच्या घरी कधी बसले नाहीत. चार वर्षं दर रविवारी सकाळी अकराला यायचे, खिडकीपाशी उभे राहायचे, उभ्यानेच चहा प्यायचे आणि खाली एखादी गाडी थांबली की वाक्य अर्धवट टाकून वाकून बघायचे. "अरे, त्यांना बसायला सांग ना, बघून माझेच पाय दुखतात," मुग्धा मला म्हणायची. सांगून सांगून मी थकलो. "बसलेला माणूस सापडतो, हेर इंजिनिअर," एवढंच त्यांचं उत्तर. (हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत.)

जर्मनीत, इंगोलश्टाटला आमच्या खालच्या मजल्यावर ते एकटे राहत. साठीला आलेले, काम गोदामात खोकी उचलायचं. पण आफ्रिकेतल्या आपल्या देशात ते बंदी घातलेल्या एका पक्षाचे जिल्हा सेक्रेटरी होते, आणि तिथून पळून आले तरी ते पद काही त्यांनी सोडलं नव्हतं. देशाचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच.

त्यांच्या खिशात कायम एक निळी वही. आमच्याकडे आले की आधी तारीख, वर आमचा पत्ता, मग उपस्थिती: हेर इंजिनिअर, फ्राउ इंजिनिअर, बाळ (झोपलेले). गणपतीला बोलावलं तर या गृहस्थांनी दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाचं नाव विचारायला सुरुवात केली. आमचे जोशी बिचारे हादरलेच. व्हिसा ऑफिसचा माणूस आहे समजून त्यांनी खिशातून पासपोर्टच काढला! मी चिडलो, तर सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "जिची नोंद नाही, ती सभा झालीच नाही."

त्यांना पक्षाचा इतिहास लिहायचा होता. ते जर्मनमध्ये सांगणार, मी लॅपटॉपवर टाइप करणार. पक्ष जन्मला शिंप्याच्या दुकानात. झेंडा हिरवा, कारण शाळेच्या गणवेशाचं हिरवं कापड उरलं होतं. पहिली फूट पडली ती अध्यक्षांनी खुर्चीवर बसावं की सगळ्यांबरोबर बाकावर, यावरून. हसून हसून माझी बोटं चुकायची. मग बंदी आली. बंदीनंतरची पहिली गुप्त सभा त्याच दुकानात. "उपस्थित," ते म्हणायचे आणि थांबायचे. खिडकीतून बाहेर बघायचे. "आल्झो, तर मग पुन्हा पहिल्या प्रकरणापासून घेऊ. काही दुरुस्त्या आहेत."

असं तीनदा झाल्यावर माझं डोकंच फिरलं. "अहो, तुमच्या पक्षाचा जन्म तीनदा टाइप केला मी! पुढे काय झालं ते सांगणार आहात की नाही?"

सेक्रेटरींनी कप खिडकीत ठेवला. त्या सभेला सगळे म्हणत होते, आज लिहू नका. त्यांनी लिहिलं. प्रत्येकाचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता. पोलीस आले, हे मागच्या खिडकीतून उडी टाकून सुटले, नोंदवही टेबलावरच राहिली. "पोलिसांना कोणाला शोधावं लागलं नाही," ते म्हणाले. "माझं अक्षर चांगलं आहे." मला माझीच लाज वाटली. कुठल्या तोंडाने ओरडलो होतो मी!

पुढच्या वर्षी तिकडची बंदी उठली आणि सेक्रेटरींनी तिकीट काढलं. "तिथे जाऊन करणार काय?" मी विचारलं.

"यादीतल्या प्रत्येक पत्त्यावर जाणार. दारात उभं राहून सांगणार, ती नोंद मी ठेवली होती."

"वेड लागलंय का? जिवंत सोडतील का तुम्हाला?" मी खूप भांडलो. मुग्धा स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि मग रागारागाने लाडू वळायला बसली. सेक्रेटरींनी ऐकून घेतलं, आणि शेवटच्या रविवारी त्या सभेच्या उपस्थितीचं पान सांगितलं. सगळी नावं तोंडपाठ. कुठेही अडले नाहीत. शेवटी म्हणाले, "नोंद ठेवणारा," आणि स्वतःचं नाव सांगितलं.

म्युनिकच्या गाडीवर मी त्यांना सोडायला गेलो. फलाटावर त्यांनी निळी वही काढली आणि आमच्या रविवारांची सगळी पानं फाडून माझ्या हातात दिली. "विमानतळावर वही उघडून बघतील. तुम्ही त्यात नको."

"मग पत्र कसं पाठवाल?"

त्यांनी रस्ता, घर नंबर, मजला, पिनकोड, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. "याला वही लागत नाही." मी त्यांना मिठी मारली. ते गाडीत चढले. डबा रिकामा होता. खिडकीशी जागा बघून सेक्रेटरी बसले. मला ते बघवलं नाही.

त्याला आता तीन वर्षं झाली. पत्र नाही. ऑफिसातून आलो की मी आधी पत्रपेटी उघडतो, जिना मग चढतो. ती पानं कपाटात आहेत, पक्षाचा इतिहास लॅपटॉपमध्ये. लेक मोठी झाली, तिला वेगळी खोली हवी, म्हणून मुग्धा कधीपासून घर बदलू म्हणत होती, आणि मी प्रत्येक घरात काहीतरी खोट काढत होतो. गेल्या महिन्यात ती एकटीच जाऊन एक घर बघून आली. बाल्कनी, मोठं स्वयंपाकघर, शाळा समोरच. उत्साहाने सगळं सांगता सांगता मध्येच थांबली.

"पण अरे," ती म्हणाली, "त्यांना तर हाच पत्ता पाठ आहे."

दुसऱ्या दिवशी तिनेच फोन करून घर नको म्हणून कळवलं.