शेजारच्या गच्चीवरचा डबा

परवा भोकरदनला स्टँडमागं पत्र्याला डाख देणाऱ्याच्या दुकानावरून जाताना राळेचा वास आला आणि शेजारच्यांचा तो डबा आठवला. शेजारी पत्र्याच्या पेट्या डाख देऊन बनवायचे; त्यांचं दुकान आमच्या अंगणापलीकडं होतं. एका सकाळी त्यांच्या गच्चीवर बांबूला आडवा बांधलेला तुपाचा रिकामा डबा दिसला, त्याचं उघडं तोंड सरळ आमच्या अंगणाकडं. आत तांब्याची तार चमकत होती. न्हाऊन मी केस अंगणातच वाळवायची, त्यामुळं हा कॅमेराच असणार असं माझ्या मनानं घेतलं. तीन दिवस मी दार लावून घरात बसले. रोज डबा बोटभर फिरलेला दिसायचा आणि माझा संशय वाढायचा. चौथ्या दिवशी त्यांचा जिना चढून गेले आणि विचारलं, "हे काय लावून राह्यले तुम्ही?" हातातली कात्री खाली ठेवत ते म्हणाले, "वायफायचा अँटेना हाय, भाभी. नेट दुकानात हाय अन् पोरीचा क्लास घरी. आधी चाळणी लावली, बराबर पकडंना, मंग हा डबा केला. रोज फिरवून रेंज बघतो. तुम्हीच बघा." मी डब्यामागं वाकून पाहिलं. नजर आमच्या अंगणावरून थेट त्यांच्या दुकानाच्या छपरावर जात होती. खाली खोलीत त्यांची मुलगी मोबाईलसमोर बसून वहीत लिहीत होती. मी जिना उतरले. पुढं आमचं नेट आठवडाभर बंद पडलं, तेव्हा त्यांनी आपण होऊन त्यांचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पाठवला. आमचा पासवर्ड मी डबा दिसला त्याच दिवशी संशयापोटी बदलला होता, आणि इतक्या वर्षांत ते त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही.