सव्वीसवर थांबलेलं तापमान

हा अनुभव मी याआधी दोनदा लिहायला घेतला आणि दोन्ही वेळा पुसून टाकला. एक तर स्वतःबद्दल लिहायची मला सवय नाही. दुसरं म्हणजे, या पानावरचे भुताखेतांचे अनुभव वाचून हसणाऱ्यांतलाच मी एक. कुणाला चकवा लागला, कुणाला पैंजण ऐकू आले... मी म्हणायचो, बाबांनो, डॉक्टरला दाखवा. आमचं गाव भोकरदन तालुक्यातलं. लहानपणी घरच्यांबरोबर राजूरच्या गणपतीला जायचो, तेही भज्यांसाठी. आज वय सत्तेचाळीस, जालन्यात एका बियाणे कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. देव, भूत, नजर, करणी — कशाचाच माझ्या घरात शिरकाव नव्हता.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे तिसऱ्यांदा पुसायची सोय राहणार नाही.

मराठीतून प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. नाव सांगत नाही. मी त्याचा पहिल्यापासूनचा अ‍ॅडमिन. ज्याचं अडलं त्याने प्रश्न टाकायचा, ज्याला येतं त्याने उत्तर द्यायचं. सुरुवातीला मी ताट बाजूला सारून उत्तरं लिहिलेली आहेत. पुढे त्याच त्या प्रश्नांचा कंटाळा आला, आणि त्या कंटाळ्याचा कधी माज झाला ते कळलं नाही. प्रश्न जुनाच वाटला की जुन्या उत्तराची लिंक चिकटवायची आणि कुलूप लावायचं, म्हणजे त्याखाली पुढे कुणाला लिहिता येत नाही, अशी पद्धत आम्ही पाडली. शीर्षक आणि पहिल्या दोन ओळी बघायच्या, बस्स. आम्हा पाच अ‍ॅडमिनचा एक वेगळा ग्रुप होता. तिथे नवशिक्यांच्या प्रश्नांचे स्क्रीनशॉट टाकून आम्ही हसायचो. चाळिशी ओलांडलेली, पोरंबाळं असलेली माणसं आम्ही...

गेल्या वर्षी मार्चमध्ये, एका बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत एक प्रश्न आला. विचारणारी बाई होती, तिला इथे संगीताताई म्हणतो. प्रश्नाची पहिली ओळ होती — "सर, तापमान मोजायचा प्रोग्रॅम तुमच्या जुन्या उत्तरावरून केला. पण सेन्सरची वायर काढून टाकली तरी तो २६ च दाखवतो, असं का?"

मी स्क्रीनशॉट काढला आणि आम्हा पाच जणांच्या ग्रुपवर टाकला. "बाई वायर काढून तापमान विचारतायत." एकाने लिहिलं, "उद्या बल्ब काढून उजेड मागतील." दुसरा म्हणाला, "चूल विझवून भाकरी का फुगत नाही, असंही विचारतील." मी हसलो. डब्यातला घास तोंडात होता, तो ठसका लागून सांडला, इतका हसलो. मग तिच्या प्रश्नाखाली लिहिलं — "ताई, आधी वायर लावा. वायर लावली की बरोबर चालतं. उत्तर दिलेलं आहे, नीट वाचायला शिका." खाली माझ्याच जुन्या उत्तराची लिंक दिली आणि कुलूप लावलं.

ज्यांना प्रोग्रॅमिंग येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तो प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. फार शहाणा प्रश्न होता. वायर काढल्यावर प्रोग्रॅमने 'तापमान मिळत नाही' असं सांगायला हवं. पण माझ्या जुन्या उत्तरात मी एक पळवाट ठेवली होती — सेन्सरने आकडा दिला नाही तर मागचाच आकडा पुढे दाखवत राहा. दिसायला सगळं छान सुरू राहतं. सेन्सर मेला तरी कळत नाही. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी त्या उत्तराखाली ही चूक दाखवली होती. मी ती कॉमेंट उडवली होती, कारण उत्तराला तोवर खूप लाइक होते.

कुलूप लावून पाचेक मिनिटं झाली असतील, तेवढ्यात वास आला.

सडकी कोबी, नासलेलं दूध आणि त्याखाली काहीतरी मांसासारखं... घशात चिकटून बसणारा. मी डबा हुंगला, टेबलाखाली वाकून बघितलं. शेजारच्यांना विचारलं, तर कुणाला काहीच येत नव्हतं. आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, खिडक्या बंद, एसी चालू. म्हटलं, एसीत उंदीर मेला असणार. दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून सगळं खोलून धुवून घेतलं. काही निघालं नाही. तो म्हणाला, "साहेब, एकदम साफ आहे, कशाला खर्चा केला?"

वास गेला नाही. घरी लॅपटॉप उघडला की घरी यायचा. हाताला यायचा. साबणाने हात घासघासून कातडी सोलली. बायको हात हुंगून म्हणाली, "अहो, साबणाशिवाय कशाचाच येत नाही." माझं जेवण सुटलं, भातात दूध ओतलेलं दिसलं तरी ताटावरून उठायचो. नाकाच्या डॉक्टरलाही दाखवलं. त्यांनी गोळ्या दिल्या.

पुढच्या सोमवारी सकाळी ऑफिस झाडायला येणाऱ्या मावशी माझ्या टेबलाशी थबकल्या. पदर नाकाला लावला. मला इतकं बरं वाटलं की मी उठून उभाच राहिलो. "मावशी, तुम्हालाही येतोय ना? उंदीर आहे का बघा बरं."

"हे उंदराचं न्हाई सर," त्या म्हणाल्या. "हे रेशमाच्या अळ्या सडल्याचं हाये. माझ्या भावाच्या शेडमधी रोग आल्ता तवा असंच सुटलं होतं. तुमच्या वळखीत कुणी रेशीमवालं हाये का?"

"इथे ऑफिसात कुठल्या अळ्या, मावशी?"

"ते मला काय म्हाईत. पण वास त्योच हाये. इचारून तरी बघा कुणाला."

मी म्हटलं, माझ्या ओळखीत असं कुणी नाही. खरंच मला तसं वाटलं. ग्रुपवर प्रश्न विचारणारी ती बाई कोण, काय करते, हे मला माहीत नव्हतं. प्रश्नाचा दुसरा परिच्छेद मी वाचलाच नव्हता.

आणखी आठवडाभराने संगीताताईंनी ग्रुपवर एक फोटो टाकला. हिरव्या तुतीच्या पाल्यावर काळ्या पडलेल्या, फुटलेल्या अळ्या, त्यांच्यातून दुधासारखं पाणी ओघळलेलं. खाली एकच ओळ — "सर, वायर लावलेली होती. २६ च दाखवत होतं."

आमच्यातल्या एकाने "आता मेलेले किडेपण इथेच?" असं लिहून तो फोटो दोन मिनिटांत काढून टाकला. पण मी बघितला होता. आणि तेव्हा, पहिल्यांदाच, मी तिचा जुना प्रश्न उघडून शेवटपर्यंत वाचला.

दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं — "आमचं रेशीम अळ्यांचं शेड आहे. आज नवीन अळ्या आल्या. तापमान तिसाच्या वर गेलं तर अळ्या मरतात, म्हणून हे मशीन बनवलं. सासऱ्यांचा मशीनवर भरवसा नाही, पण मी हट्ट धरला आहे. कृपया लवकर सांगा."

मग तिचं गाव शोधलं.

ग्रुपवरच्या माहितीत तिचं गाव होतं. केदारखेड्याच्या पुढे थोडं आत. रविवारी सकाळी गेलो. वस्तीच्या अलीकडेच तो वास गाडीत शिरला. तोच. काचा बंद होत्या. शेडच्या मागे खड्डा खणून त्यात सगळं ओतलं होतं, वर चुना टाकला होता, माशांचा घोंगाट चालला होता. मी रुमाल काढला आणि परत खिशात ठेवला. रुमाल लावायची मला लाज वाटली.

मी फक्त 'ग्रुपवरून आलोय' एवढं सांगितलं. सासरे बाजेवर बसले होते. "या, या. आमच्या सूनबाईचं मशीन बघायला आलात व्हय? लई हुशार मशीन हाये. सूर्य डोक्यावर यू द्या, सव्वीसच्या म्होरं जातच न्हाई."

"आप्पा, पाहुण्याला पाणी तर पिऊ द्या," आतून आवाज आला. संगीताताई बाहेर आल्या. पस्तिशीच्या असतील. गावातच बारावीपर्यंत शिकलेल्या, बाकीचं सगळं फोनवरचे व्हिडिओ बघून.

"दोन दिवस हिच्या माहेरी लग्न होतं," आप्पा सांगू लागले. "मी दुपारचं ओलं गोणपाट टाकीत असतो दाराला. ही म्हणे, मशीन सांगंल, पाला सकाळ-संध्याकाळी टाका, दुपारी दार उघडू नका, गरम हवा आत जाती. मी बी म्हणलं, ठीक हाये, शिकलेली हाये. लग्नात बसून फोनमधी बघून राह्यली होती — सव्वीस, सव्वीस. आन् हितं शेड भट्टीवानी."

संगीताताई खाली बघत होत्या. "सर म्हणले होते ना, वायर लावली की बराबर चालतं. म्हणून मी बिनघोर गेल्ते."

तेव्हा मी सांगितलं. तो सर मी. जुनं उत्तर माझं, चूक माझी, ती चूक मला तीन वर्षांपासून माहीत होती. तिच्या प्रश्नावर आम्ही हसलो, हेही सांगितलं. कसे हसलो, तेही.

आप्पा उठून शेडकडे निघून गेले. ती आतून ते मशीन घेऊन आली. साबणाच्या डबीत बसवलेलं, वायरींवर तिने नेलपॉलिशने खुणा केलेल्या. "नीट करून द्या," म्हणाली. मी ओट्यावर बसलो. सेन्सरची वायर डबीत आतून सैल झाली होती, ती घट्ट केली; मग प्रोग्रॅमच्या चार ओळी बदलायच्या होत्या. दहा मिनिटं लागली. वायर काढून दाखवली, फोन वाजला — 'तापमान मिळत नाही.'

"एवढंच होतं?" तिने विचारलं.

"एवढंच."

निघताना मी तिला वासाचं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. म्हटलं, तुमच्या अळ्या मेल्यापासून मला हा वास येतोय, ऑफिसातसुद्धा.

"कधीपासून?"

"तुमचा प्रश्न बंद केला त्या बुधवारपासून. दुपारी, जेवताना."

तिने बोटांवर दिवस मोजले. "त्या बुधवारी तर अळ्या आल्या होत्या सर. सगळ्या चांगल्या. पाला खायचा आवाज येत होता, पावसाची बारीक भुरभुर लागल्यासारखा. पहिली अळी मेली ती त्याच्यानंतर अकरा दिवसांनी. मी भिंतीवर लिहून ठेवलंय."

मी आत जाऊन भिंत बघितली. खडूने लिहिलेलं होतं.

"तुम्हाला अकरा दिवस आधी वास आला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मंग तुम्ही काय केलं?"

"एसी धुवून घेतला."

ती "बरं" म्हणाली आणि आत गेली.

घरी आल्यावर जुनं उत्तर माझ्याच नावाने दुरुस्त केलं, वर चूक काय होती ते लिहिलं. अ‍ॅडमिनपद सोडलं. त्या पाच जणांच्या ग्रुपमध्ये हे सगळं टाकलं, तर एकाने हसणारा चेहरा पाठवला. संगीताताई आमच्या ग्रुपवर परत आल्या नाहीत. आप्पांनी शेड पुन्हा सुरू केलं, पण मशीनविना, असं गावाकडच्या एकाने सांगितलं. फोन मी दोनदा केला, तिने उचलला नाही. तिसऱ्यांदा करायचा मला हक्क नाही.

वास त्या रविवारपासून बंद झाला. मनाचा खेळ म्हणाल, तर मावशींना का आला? कुठून तरी खरंच येत होता म्हणाल, तर अळ्या तेव्हा जिवंत होत्या, पाला खात होत्या. मी सगळ्या बाजूंनी विचार केलाय, माझ्या धंद्यात तेच करतात. काही हाती लागत नाही. वास घ्यायला नाक मिळालं, अकरा दिवस मिळाले, विचारून बघा म्हणणारं माणूससुद्धा मिळालं... हे मला कुणी आणि का दिलं, ते मला माहीत नाही. मी त्याचं काय केलं, ते तुम्हाला सांगितलं.