गावडे आणि लूसीचे दात

गावडे गेल्याची बातमी आली तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. माझं खोटं माहीत असलेला एकच माणूस होता, तो गेला.

गावडे अंधेरीतल्या माझ्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होते. मूळचे मालवणकडचे, जिभेला तिखट. हाँगकाँग फ्लूची साथ आली त्या वर्षी घरटी एक तरी माणूस अंथरुणात. टेट्रासायक्लीन या अँटिबायोटिकच्या कॅप्सूलची जी बाटली एरवी महिनाभर पुरायची ती दुपारपर्यंत रिकामी होऊ लागली. डॉक्टरची चिठ्ठी कोण मागतो? दोन द्या, चार द्या... मी देत होतो. गावडे चिडायचे. "शेठ, ह्या औषधान फ्लू जावचो नाय. ताप आपसूक उतरतलो."

"गावडे, हे दुकान आहे की देऊळ? गिऱ्हाईक परत पाठवू?"

एके दिवशी मरोळ गावठाणातली रोझीबाई दोन वर्षांच्या लूसीला घेऊन आली. पोर तापाने फणफणलेली. मी आतल्या टेबलावर कॅप्सूल उघडून पावडरीच्या पुड्या बांधायला घेतल्या. गावड्यांनी माझा हात धरला. खोक्यातला इंग्रजी कागद त्यांनी वाचला होता. "एवढ्या लहान पोराला नको. दात कायमचे बिघडतात." मी हात झटकला. "कागद वाचून धंदा होतो का हो?" त्याच संध्याकाळी भिंतीवरचं आपलं सर्टिफिकेट उतरवून ते गेले. फार्मासिस्टच्या सर्टिफिकेटशिवाय दुकान चालवता येत नाही, म्हणून मी पैसे देऊन दुसऱ्याचं टांगलं. तो माणूस दुकानात एकदाही आला नाही, आणि कुणी विचारलंही नाही!

साथ गेली, चटक राहिली. आज साध्या पडशाला लोक रंगावरून कॅप्सूल मागतात. आम्ही देतो, डॉक्टर लिहितात, कंपन्यांची माणसं फुकट नमुने वाटतात. कागद अजूनही कुणी वाचत नाही. संताप येतो, पण त्या रांगेत पहिला मी उभा आहे.

साथीनंतर चार-पाच वर्षांनी लूसीचे दुधाचे दात पडून नवे आले, ते तपकिरी. दातांच्या डॉक्टरांनी लहानपणच्या औषधाला दोष दिला, तशी रोझीबाई दुकानात भडकून आली. "काय दिलंत माझ्या पोरीला?" मी म्हणालो, "पुड्या आमच्या जुन्या गावड्यांनी बांधल्या होत्या."

गावडे तेव्हा विक्रोळीला एका कारखान्याच्या दवाखान्यात होते, पण राहायचे मरोळलाच. बायका त्यांना रस्त्यात तोंडावर बोलू लागल्या. ते एकदाच माझ्याकडे आले. "शेठ, एकदा तरी खरा सांगा." मी गिऱ्हाइकाकडे वळलो...

बाराव्यानंतर त्यांच्या घरी जाऊन मी वहिनींपुढे हात जोडले आणि खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "माका कित्याक सांगतास? त्या पोरीच्या घरावरून हे शेवटपर्यंत मान खाली घालून जायचे. थंय जावा."

गेलो. लूसी ओठ मिटून अभ्यास करत होती. मी दारातच उभा राहिलो. "रोझीबाई, त्या पुड्या मी बांधल्या. गावडे नको म्हणत होते, मी ऐकलं नाही, आणि नंतर नाव त्यांचं घेतलं. लूसी, तुझे दात माझ्यामुळे असे झाले. माझं चुकलं, पोरी. मला माफ कर."