खोकून दाखवा, मास्तर

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "मास्तर, टी.बी. आहे." टी.बी. म्हणजे क्षय. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात विरलेल्या ढगासारखा डाग होता.

मी मोताळ्याकडच्या एका खेड्यातला. मिशनच्या शाळेनं शिकवलं म्हणून आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. झालो. खामगावला शिक्षक होतो आणि रविवारी चर्चच्या मंडळीत उपदेश करायचो. खोकला दिवाळीपासूनच होता, पण कापसाच्या जिनिंगमधून उडणाऱ्या तुसानं होत असेल म्हणून सोडून दिला होता.

मी म्हणालो, "साहेब, मी विडी ओढत नाही, दारूला शिवत नाही, पदवीधर आहे, उपदेश करतो. मला कसा होईल?"

"ते सगळं राहू द्या," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातात एक डबी दिली. "खोकून दाखवा, मास्तर."

ती स्प्युटम टेस्ट होती, म्हणजे बेडक्याची तपासणी. जंतू निघाले आणि मला वॉर्डात दाखल केलं. रोज स्ट्रेप्टोमायसिनची सुई टोचायचे. शिवाय पी.ए.एस.च्या पुड्या असायच्या. हे औषध जंतूंची वाढ रोखतं, पण पोट ढवळून काढतं. उपचार वर्षाच्या वर चालणार होते.

पडल्या पडल्या मला दोन वचनांनी घेरलं. एके ठिकाणी येशू सांगतो की, आपल्याकडे येणाऱ्याला तो कधीच घालवून देणार नाही. दुसरीकडे, त्याला प्रभू म्हणून हाक मारणाऱ्यांनाच तो सांगतो की, मी तुम्हाला ओळखत नाही, निघा. दोन्हींवर मी उपदेश केला होता, पण वेगवेगळ्या रविवारी. आता ती एकदम समोर आली. माझं फुप्फुस पाहून मी ठरवून टाकलं की आपण दुसऱ्या वचनातले. मग औषध तरी कशाला? पुड्या उशाशी साठू लागल्या.

माय भाकर घेऊन आली. तिनं पुड्या पाहिल्या.

"काऊन रे, घेतल्या नाही?"

"घरी घेऊन चाल. देवानंच टाकलं मले."

"देवाचं मले नोको सांगू. डॉक्टरनं टाकलं काय तुले? नाही ना? मंग घे पुडी."

ती उठली आणि नेहमीसारखं म्हणाली, "येतो."

शेजारच्या खाटेवरचे सुलतानपूरचे किसनभाऊ ओरडले, "माय, दवाखान्यातून निघताना येतो म्हनू नोका! जातो म्हना!"

"मी तं येतोच म्हनीन. पोरगं अंदर हाये ना माहं."

ती गेल्यावर मी पुडी घेतली आणि दुसरा उतारा पुन्हा उघडला. ज्यांना 'निघा' म्हटलं, ते काय बोलत होते? तुझ्या नावानं आम्ही हे केलं, ते केलं. डॉक्टरांपुढे मीही तशीच यादी वाचली होती. त्यांनी मला घालवलं नव्हतं, माझी यादी तेवढी बाजूला ठेवली होती. त्या दिवशी मी उपदेशकाच्या आवाजात प्रार्थना केली नाही. हा माझा खोकला, एवढंच म्हणालो.

दोन्ही वचनं पूर्ण जुळली, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याची भीती अजून वाटते आणि वाटावी. पण कोणत्या दारानं आत जायचं ते मला कळलं: यादी घेऊन नाही, दुखणं घेऊन. त्यानंतर मी एकही पुडी चुकवली नाही.

डाग भरून आल्यावर डॉक्टर म्हणाले, "निघा मास्तर. आणि परत येऊ नका." ज्या शब्दाला मी इतका भ्यालो होतो, तो ऐकून माझे डोळे भरून आले.

तुमच्यापैकी कोणाला असा खोकला असेल तर तो लपवू नका, डबीत खोकून दाखवा. औषध अर्ध्यावर सोडू नका.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी मी मंडळीपुढे दोन्ही उतारे एकामागून एक वाचले. त्या वॉर्डात मी अजूनही नव्या रोग्यांजवळ जाऊन बसतो. निघताना 'येतो' म्हणतो. कोणी टोकलं तर मायचंच उत्तर देतो: अंदर आपलं माणूस हाये ना.