मागच्या खोलीतलं नेट

आमचं घर लांबट आहे. रस्त्याकडे ओटा, मग बैठक, मधली खोली, स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागे, गोठ्याला लागून, आईची खोली. इंटरनेटचा डबा बैठकीत दाराच्या वर बसवलेला. तिथून आईच्या खाटेपर्यंत तीन भिंती, आणि त्याही जुन्या, हातभर जाडीच्या. बैठकीत मोबाइलवर क्रिकेट धावायचं, स्वयंपाकघरात रांगायला लागायचं आणि आईच्या खोलीशी पोचेपर्यंत त्याचा जीव जायचा. याचं कुणाला काही वाटत नव्हतं. आईला नेट लागायचं ते फक्त माझ्या धाकट्या बहिणीशी बोलायला, आणि त्यासाठी ती रोज चार वाजता आपणहून बैठकीत येऊन त्या डब्याखाली बसायची.

बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. आमच्या गावात तिच्यासाठी शाळा नव्हती, म्हणून आईनेच शेतात, चुलीपाशी, नदीवर धुणं धुताना हातांची एक भाषा तयार केली. कापूस, ताप, मामाचं गाव, राग, लाज, उद्या, परवा, सगळ्याला तिच्याकडे हाताचा शब्द होता. काही शब्दांना एक हात पुरायचा, बऱ्याच शब्दांना दोन लागायचे. ही भाषा पुरती येणारी माणसं जगात दोनच, आई आणि बहीण. मला कामापुरती येते, बायकोला त्याहून कमी. बहिणीचं लग्न झालं तेव्हा आई सगळ्यात जास्त कशाला रडली असेल तर याला, की आता पोर बोलणार कुणाशी. मग व्हिडिओ कॉल आला आणि आईचं रडणं थांबलं.

आईला लकवा झाला त्या दिवशी मी धडगावला कचेरीत होतो. जीपने घाट उतरून येईपर्यंत तिला शहाद्याच्या दवाखान्यात नेलं होतं. जीव वाचला. जीभ जड झाली, पण बोलणं कळत होतं. उजवा हात मात्र गेला. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, किती ते सांगता येत नाही. मी मान डोलावली आणि बाहेर येऊन बाकावर बसलो. मला बहीणच आठवत होती, कारण आमच्याशी आई अजून बोलू शकत होती. तिच्याशी नाही.

बहिणीला तेव्हा सातवा महिना होता. त्याआधीची दोन पोटं वाया गेलेली. सासर खापर गावाच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिला खाटेवरून उतरायलाही मनाई होती.

बायको म्हणाली, “तिले आते काही सांगू नका. धसका घी ती.”

मलाही तेच वाटत होतं, अशा अवस्थेत तिने धसका घ्यायला नको. आम्ही कळवलं की आईला ताप येऊन गेला, अशक्तपणा आहे, म्हणून ती मागच्या खोलीत पडून असते. तिच्या सासरीही हेच सांगितलं.

कॉल मात्र बंद करता येईना. चार वाजले की आई दाराकडे बघायला लागायची. मी फोन घेऊन मागे जायचो, मोबाइलच्याच नेटवर लावायचो. टॉवर गावाबाहेर, त्यात त्या भिंती. बहिणीचा चेहरा चौकोनी तुकड्यांचा होऊन यायचा, तोंड एकीकडे, कपाळ दुसरीकडे. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच होतं. आईने उजवा हात उचलायचा प्रयत्न केला आणि तो जागचा हलला नाही, की मी मध्ये घुसायचो आणि खुणेने सांगायचो, नेट अडकलंय. बहीण मान हलवायची. हे जवळजवळ तीन आठवडे चाललं.

एक दिवस कॉल संपल्यावर आई रडायला लागली. लकव्यानंतरचं तिचं रडणं बघवत नसे, अर्धा चेहरा रडायचा आणि अर्धा तसाच राहायचा.

“माले तिना हात दिखत नही,” ती म्हणाली. “पोर काय बोली ऱ्हायनी, माले समजत नही.”

दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली, तिसऱ्या दिवशी जेवली नाही. तिला उचलून बैठकीत नेणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी चौथ्या दिवशी रजा वाढवली आणि केबलवाल्याला बोलावलं. बैठकीतला डबा उचलून मागे न्यायचा, एवढी साधी गोष्ट. त्याने वर बघितलं आणि हात झटकले. “काचनी वायर शे काका. वाकाडी का गयी.” बाहेरून येणारी ती काचेच्या तंतूची वायर वाकवली की तुटते, म्हणून मग त्यानेच सुचवलं की डबा राहू दे तिथेच, डब्याने फक्त बाहेरचं नेट घरात आणायचं, आणि मागच्या खोलीत वेगळा राऊटर बसवायचा, तो ते खोलीत पसरवेल. दोघांच्या मध्ये साधी वायर टाकायची. एवढं सांगून तो मोटारसायकलला किक मारून गेला. वायर टाकायचं काम माझ्याच गळ्यात.

मी शहाद्याहून राऊटर आणला, वायरीचं भेंडोळं आणलं.

बायकोने विचारलं, “एक डबा शे ना घरमा, मंग आखो दुसरा कसाले?”

मी तिला पाण्याची मोटर आणि नळ असं काहीतरी समजावलं. तिला पटलं, मला स्वतःला तेवढंही कळलेलं नव्हतं.

दोन दिवस माझ्या नाकी नऊ आले. छताच्या लाकडांवरून वायर ओढताना जाळ्या तोंडावर, धूळ डोळ्यांत. भिंतीला भोक पाडताना पलटी खाऊन पडलो असतो. सगळं जोडलं तर राऊटरवर लाल दिवा. मी त्याला नाही नाही ते बोललो. बंद केला, चालू केला, पुन्हा बोललो. शेवटी केबलवाल्याला फोन लावला. त्याने विचारलं, वायर कुठे घातली? मी म्हटलं, पिवळ्यात. पिवळी भोकं चार होती, निळं एकच, म्हणून मला वाटलं चारवाली खरी.

“काका, निळामा घाला ना,” तो म्हणाला, आणि त्याने हसू दाबलेलं मला ऐकू आलं.

मग त्याने सांगितलेलं नाव आणि पासवर्ड मोबाइलवरून त्या राऊटरमध्ये भरला. जुन्या डब्याचं वायफाय त्याच्याच सांगण्यावरून बंद केलं. दिवा हिरवा झाला. मी आईकडे बघितलं, ती दिव्याकडे बघत होती. त्या महिन्यात पहिल्यांदा मला काहीतरी जमलं होतं, आणि मी फार खुशीत होतो.

माझ्या डोक्यात एकच होतं, आईला बहीण स्वच्छ दिसली पाहिजे. तिकडून आईही तेवढीच स्वच्छ दिसणार, हे पंधरा वर्षं कचेरीत दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माझ्या लक्षात आलं नाही.

चार वाजता कॉल लावला आणि बहीण समोर बसल्यासारखी दिसली. बांगड्या दिसल्या, सुजलेली बोटं दिसली, मागच्या भिंतीवरचा ओलीचा डाग दिसला. आई हसली. तेवढ्यात मला माझी चूक कळली. मी झटकन गोधडी ओढून आईचा उजवा हात झाकला आणि खुणेने सांगितलं, थंडी वाजते तिला. बाहेर घाम फुटेल असं ऊन होतं.

बहिणीने माझ्याकडे बघितलं. मग तिने आपला उजवा हात पदराखाली घेतला आणि एकट्या डाव्या हाताने बोलायला लागली.

गोळ्या घेतल्या का? झोप लागते का? दुखतं का? ज्या शब्दांना दुसरा तळहात लागायचा, तिथे ती गाल घेत होती, छाती घेत होती, पोटाचा उभार घेत होती. कुठे अडत नव्हती. आई आधी नुसती बघत राहिली. मग तिने डावा हात उचलला आणि उत्तर दिलं, वेडंवाकडं. बहिणीने मान हलवली, तोच शब्द हळू करून दाखवला. आईने पुन्हा केला. बहिणीने पुन्हा दाखवला. आईने तिला शिकवलेली भाषा ती आईला परत शिकवत होती, आणि मी खाटेच्या पायाशी उभा राहून रडत होतो. मला लाजही वाटत होती. एका हाताने असं बोलणं एका दिवसात येत नाही. ती कधीपासून एकटी बसून हे करत असेल, याचा मी विचार करत होतो.

शेवटी मी आईच्या शेजारी, फोनसमोर वाकून बहिणीला खुणेने विचारलं, तुला कधी कळलं?

पहिल्या दिवशी, ती म्हणाली. आणि दोन्ही हातांनी मला, लहान पोराला समजावतात तसं, समजावलं. चित्र अडकलं की सगळंच अडकतं. चित्र तुटकं होतं तरी आईचे डोळे फिरत होते, पंख्याने पदर उडत होता. हातच तेवढा पडून होता.

मग बोलली का नाहीस?

मला कळलंय हे तुम्हाला कळलं असतं, ती म्हणाली, तर तुम्ही मला आई दाखवलीच नसती.

नाही म्हणायला मी हात वर केला आणि तसाच खाली घेतला. त्याच आठवड्यात मी बायकोला म्हणालो होतो की बाळंतपण होईपर्यंत व्हिडिओ बंदच करू, नेट गेलंय म्हणून सांगू. आईने जेवण सोडलं नसतं तर मी ते केलंही असतं.