मेंढ्यांची अकरा मिनिटं

माझी वहिनी दवाखान्यात एक्स-रे काढते. तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत दिवसभर लोकांना सांगायचं, "श्वास रोखा, हलू नका." सव्वीस वर्षं झाली. त्यामुळे तिच्या हातात कॅमेरा आला की तीही श्वास रोखते आणि चित्र जराही हलत नाही.

यंदा भर उन्हाळ्यात तिनं आठ दिवस रजा काढली आणि रोज पहिल्या बसनं गावाबाहेर जाऊन फिल्म केली. कापणी झालेली रानं, आटलेला ओढा आणि मेंढ्या. ऐन दुपारी मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या राहतात, कारण तेवढीच सावली. ते दृश्य तिनं एका जागी उभं राहून सलग अकरा मिनिटं घेतलं. संगीत नाही. माशा, वारा, लांबवर पाण्याचा पंप. सगळी फिल्म मिळून एकोणीस मिनिटं. गावातल्या हौशी फिल्म मंडळाच्या रविवारच्या कार्यक्रमात ती दाखवायची होती. "वन्सं, अकरा मिनिटं लोक गप्प बसले तर मी जिंकले," ती मला म्हणाली होती.

फिल्म मंडळाकडे पोचवायचं काम दादानं, म्हणजे माझ्या भावानं, आपणहून अंगावर घेतलं. "तू कामावर जा, मी बघतो."

बघतो म्हणजे काय, ते सभागृहात कळलं. पडद्यावर आधी दादाचं नाव, दिग्दर्शक म्हणून. मग बासरी. रानं, ओढा, सगळं पाठीमागे कुत्रं लागल्यासारखं पळत सुटलेलं. मेंढ्या वीस सेकंद. सहा मिनिटांत खेळ खलास. शेवटी आभार, त्यात वहिनी, संगणक देणाऱ्या मित्राच्या खाली.

"मूळची कुठंय?" वहिनीनं हळूच विचारलं.

"पुसली. जागा खात होती. अगं, अकरा मिनिटं मेंढ्यांची ढुंगणं कोण बघतं?"

"मी बघत होते."

"झालं सुरू. मातीचं सोनं करून दिलं, त्याचं काही नाही."

"दादा, निदान नाव तरी तिचं घालायचंस," मी म्हणाले.

"तू मध्ये पडू नकोस."

सख्खा भाऊ, पण कानाखाली द्यावीशी वाटली.

मंडळाच्या सरांनी दिग्दर्शकाला पुढे बोलावलं. दादा गेला की, शर्ट खाली ओढत. मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला. जन्मभर मेंढ्या राखलेला माणूस. "मेंढ्या डोकी खाली घालून काय करत होत्या?"

"चरत होत्या," दादा म्हणाला.

"काय चरणार? खाली नुसती ढेकळं होती."

लोक हसले. दादानं वहिनीकडं पाहिलं. टॉवेल सापडला नाही की पाहतो, तसं. "अगं, सांग ना त्यांना."

"मी कशी सांगू? मी आभारातली."

म्हातारा खाली बसेना. कुठलं रान? किती वाजता घेतलं? वारा कुठून होता? दादा दर प्रश्नाला तिच्याकडं बघे आणि ती सरळ पडद्याकडं. मला उत्तरं ठाऊक होती. मी तोंड उघडणार तोच तिनं माझं मनगट धरलं, असं की दुसऱ्या दिवशीही दुखत होतं.

सोमवारी ती कामावर जाताना कॅमेरा घेऊन गेली. तो अजून तिथल्या कपाटात आहे, कुलपात. परवा दादानं विचारलं, "भाचीच्या साखरपुड्याला लागेल, कुठंय गं?"

"बिघडलाय," वहिनी म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.